सातवी ओळ

त्या राज्यात निरोप कधी अडत नसे. डोंगरापलीकडचा असो की नदीकाठचा, प्रत्येक निरोप आधी निरोपघरात येई आणि तिथून योग्य घरी जाई. निरोपघर कसे चालवायचे, ते एका उघड्या कातळावर कोरलेले होते. ते नियम कुणीही वाचावेत, कुणीही दुरुस्ती सुचवावी, आणि तीन जाणत्यांनी पारखल्यावर ती कोरली जावी, अशी रीत होती. शेजारच्या राज्यांनीही तेच नियम आपापल्या कातळांवर उतरवून घेतले होते.

दारावर दाजीबा साळिंदर बसत. एके दिवशी पारव्याने भिजलेले पाकीट आणले. त्यावरचे नाव धुऊन गेले होते. दाजीबांनी ते उलटे केले, सुलटे केले, पुन्हा उलटे केले. मागे रांग वाढत गेली, तरी ते तेच पाकीट फिरवत राहिले आणि शेवटी भोवळ येऊन पडले.

रांगेत तिसरा निरोप पुराचा होता. तो पोहोचलाच नाही. पाणमांजरीचे घर वाहून गेले. पिल्ले लव्हाळ्यांना धरून राहिली म्हणून वाचली.

"म्हातारा झालाय दाजीबा," सगळे म्हणू लागले. "बदला त्याला."

चंद्राताई टिटवीला ते पटेना. ती कातळापाशी गेली आणि एकेक ओळ वाचू लागली. सातव्या ओळीवर ती थबकली. ‘पाकिटावरचे नाव सापडेपर्यंत दुसरे पाकीट हाती घेऊ नये.’ आणि नावच नसेल तर? त्याबद्दल कातळ गप्प होता. दाजीबांनी नियम तंतोतंत पाळला होता!

ओरडण्यासाठी तिने चोच उघडली. तेवढ्यात खालून छबूराव कोल्ह्याने विचारले, "काय सापडलं, ताई? सांगा की मोठ्यानं!"

छबूरावांना दुसऱ्याची फजिती पाहण्याची भारी हौस. हे कळले, तर ते रोज कोरी पाकिटे आणतील. चंद्राताईने चोच मिटली.

तिने तिन्ही जाणत्यांना गाठून कानात सगळे सांगितले. नवी ओळ पारखायला दोन दिवस लागणार होते.

"तोवर गप्प राहशील?" त्यांच्यातल्या थोरल्या गव्याने काळजीने विचारले.

"राहीन," ती म्हणाली. आयुष्यात असे काही ती प्रथमच कबूल करत होती.

ते दोन दिवस तिला फार जड गेले. घसा खाजे. शेजारणी काढा घेऊन तब्येतीची चौकशी करायला येत. सर्वांत वाईट म्हणजे, दाजीबा तिच्यासमोर कमरेची निरोपघराची किल्ली काढून ठेवत म्हणाले, "चुकलंच माझं, पोरी." तेव्हाही तिला फक्त एवढेच म्हणता आले, "परवापर्यंत ठेवा ती कमरेलाच. माझ्यासाठी."

तिसऱ्या सकाळी नवी ओळ कोरली गेली, शेजारच्या राज्यांकडे पाखरे धाडली गेली, ती पोहोचल्याची खूण आली आणि चंद्राताई उडाली. चूक कुठे होती आणि कुणाची नव्हती, हे तिने साऱ्या खोऱ्याला तीन-तीनदा ऐकवले. पाणमांजरीने दाजीबांपुढे मासा आणून ठेवला. ते मासे खात नसत, पण त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

दुपारी छबूराव चाळीस कोरी पाकिटे घेऊन हजर झाले.

"नाव नाही? टोपलीत टाका," दाजीबा म्हणाले. "पुढचा!"

चाळिसाव्या पाकिटानंतर छबूरावच घामाघूम झाले. रांग मात्र पुढे सरकत राहिली.

आठवड्याने एक दमलेले सांबर दारात आले. ते सात डोंगरांपलीकडच्या राज्यातून आले होते. त्या राज्याचे नावही इथे कुणाला ठाऊक नव्हते. त्याने आणलेल्या निरोपात एवढेच होते : "तुमची नवी ओळ आम्हीही कोरली. तिच्यात एक काना राहून गेलाय. आम्ही आमच्याकडे घातला. तुम्हीही घालून घ्या."

दाजीबांनी छिन्नी शोधायला घेतली.