बिनभिंतीचं घर

पुष्कळ वर्षं झाली त्याला. राज्य कुठल्या राजाचं होतं तेही आता कुणाला आठवत नाही, पण त्या राज्यातल्या एका तांबट आळीत घडलेली ही गोष्ट लोक अजून सांगतात. सांगणारा सांगताना जरा मान खाली घालतो. मीही घालणार आहे, तेवढं चालवून घ्या.

त्या आळीत दोघे भाऊ आपल्या छोट्या कारखान्यात तांब्याची भांडी घडवीत. आईबाप गेले तेव्हा थोरला पंधरा वर्षांचा होता आणि धाकटा पाच. थोरल्याने स्वतःचं लग्न केलं नाही. दिवसभर पत्र्यावर ठोके घालायचे आणि धाकट्याला वाढवायचं, एवढंच केलं. पुढे धाकट्याचं लग्न लावून दिलं, त्याला दोन मुली झाल्या. तीस वर्षं कानाशी हातोडा वाजत राहिला, मग कान शाबूत राहतात थोडेच? थोरला बहिरा झाला, कुणी ओरडलं तरच थोडंफार ऐकू येई, आणि बहिऱ्या माणसासारखा मोठ्याने बोलू लागला. त्याने घरात मीठ मागितलं की आळीच्या टोकाची बाई मीठ घेऊन धावते, अशी लोक थट्टा करीत. ती थट्टा त्याला ऐकू यायची नाही, पण सगळे हसताहेत म्हणून तोही हसायचा.

धाकट्याच्या हातात मात्र जादू होती. त्याने घडवलेला एक नक्षीचा हंडा राणीच्या नजरेस पडला आणि त्याचं नशीब उघडलं. राजधानीत जाणंयेणं सुरू झालं, मोठ्या लोकांत ऊठबस वाढली. तिकडे तेव्हा एक नवी टूम निघाली होती, बिनभिंतीच्या घराची. आत आडभिंत म्हणून नाही. एकच ऐसपैस दालन, त्यातच बैठक, त्यातच झोपाळा, त्यातच चूल, आणि उजेडासाठी छपराला मोठा झरोका. बघणारा उंबऱ्यातच थक्क व्हायचा. धाकटाही झाला, आणि बांधीन तर असंच घर, म्हणून हटून बसला.

अशी घरं आखून देणारी एक बाई राजधानीत होती. केस पिकलेले, बोलणं मोजकं. लोक तिला आखणीबाई म्हणत. तिची एक रीत होती. घर आखण्याआधी ती त्या कुटुंबात चार दिवस राहायची. कोण कुठे बसतं, कुणाची कंबर दुखते, कोण पहाटे उठतं, सगळं डोळ्यांनी बघायची. आणि घरातल्या प्रत्येक माणसाला नव्या घरात एक हक्काची जागा काढून द्यायची, मग ती कोनाड्याएवढी का असेना.

बाई राहायला येणार म्हटल्यावर धाकटा हिशेब करू लागला. दादा जेवताना भुरके मारणार, ओरडून बोलणार, आणि ही बाई राजधानीत जाऊन ते सगळं सांगणार. शिवाय असा आवाज घरात आहे हे कळलं, तर ती बिनभिंतीचं घर आखायलाच तयार व्हायची नाही. मग त्याने काय करावं? दूरच्या गावी त्यांची एक मावशी होती. तिची फार दिवसांत खबर नाही, जरा जाऊन ये, असं त्याने थोरल्याला खुणांनी सांगितलं. वर दशम्या बांधून दिल्या. बायकोला म्हणाला, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. बायको गप्प बसली, आणि दोघी मुलींनाही तिने गप्प बसवलं.

बाई आली, राहिली. बायकोच्या कोपरापर्यंतची उंची तिने दोरीने मोजली. धाकटी मुलगी खिडकी दिसली की तिच्यात चढून बसते, हेही टिपून ठेवलं. चौथ्या दिवशी तिने धाकट्याला समोर बसवून विचारलं,

"मालक, घरात माणसं किती?"

"चार," धाकटा म्हणाला.

"बिनभिंतीच्या घरात साधी कुजबुजसुद्धा लपत नाही. फार मोठ्याने बोलणारं कुणी असेल तर मला आखणी बदलावी लागेल. लाजू नका, सांगा."

"नाही. तसं कुणी नाही."

बघा, किती सोपं असतं ते. ज्याने घास भरवून मोठं केलं, त्याला घरातून काढायला दोन वाक्यं पुरली.

बाई गवंड्याच्या हाती आराखडा देऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी थोरला परतला आणि घराचं काम सुरू झालं. थोरल्याचा आनंद तर विचारूच नका. रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून तो सांगायचा, आमचं घर होतंय. दाराच्या कड्या, झोपाळ्याच्या साखळ्या, अंघोळीचं मोठं घंगाळ, सगळं त्याने स्वतःच्या हाताने घडवलं. धाकटा रोज ते बघायचा. उद्या सांगू, परवा सांगू म्हणायचा. दादाला जुन्या कारखान्यातच बरं वाटेल, जेवायला काय, येईलच की, अशी स्वतःची समजूतही घालायचा. मनाला लाज वाटत होती, पण तोंड उघडत नव्हतं.

वास्तुशांतीचा दिवस उजाडला. राजधानीचे बडे लोक आले, सगळी आळी आली. आखणीबाईही आली आणि रीतीप्रमाणे एकेकाला त्याची जागा दाखवू लागली. बायकोला कंबर न वाकवता काम करता येईल असा ओटा दिला. धाकट्याला झरोक्याचा उजेड थेट हातावर पडेल असा कोपरा दिला. थोरल्या मुलीला कोनाडा, धाकटीला बसण्यापुरती खोल खिडकी. थोरला नवं धोतर नेसून त्यांच्या मागेच उभा होता. धाकटीचं झाल्यावर, आता आपली पाळी, म्हणून तो हसत एक पाऊल पुढे आला.

बाईने त्याच्याकडे बघितलं, मग धाकट्याकडे. "हे कोण?"

धाकट्याने जमिनीकडे बघितलं. बहिरा माणूस शब्द ऐकत नाही, पण तोंडं वाचतो. थोरल्याने बाईचं तोंड वाचलं, भावाचं वाचलं, भावजयीचं वाचलं. मग आपल्या त्याच मोठ्या आवाजात म्हणाला,

"मी होय? मी पाहुणा, बाई. घर बघायला आलोय. फार छान आखलंत."

भिंती नव्हत्या, त्यामुळे तो आवाज सगळ्या घरात भरून राहिला. आळीतल्या लोकांनी माना खाली घातल्या. धाकट्याला अजूनही वेळ होता. हा माझा भाऊ आहे, एवढंच म्हणायचं होतं. तो म्हणाला नाही. थोरला पाहुण्यांच्या पंगतीत जेवला, स्वयंपाकाची तारीफ केली आणि जुन्या कारखान्यात निघून गेला.

संध्याकाळी बायको धाकट्याला म्हणाली, "काका पाहुणे कधीपासून झाले, असं पोरी विचारतायत. मी काय सांगू? मीही तर गप्पच बसले." धाकटा ताटावरून उठला. लाजेने त्याचे कान तापले होते. त्या चकचकीत घरात कुठे तोंड लपवावं म्हटलं, तर आडोसा म्हणून नव्हता.

सकाळी तो कारखान्यात गेला. आळीत ठोके सुरू झाले होते, थोरलाही घडवत बसला होता. धाकटा त्याच्या पायाशी बसला, हात जोडले, हळू आवाजात काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतोस?" थोरला म्हणाला. "मला ऐकू येत नाही, ठाऊक आहे ना तुला? मोठ्याने बोल."

आता बहिऱ्यापुढे चूक कबूल करायची, तर ती कुजबुजत कशी करणार? धाकट्याने एकदा दाराकडे बघितलं आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "दादा, घरात चारच माणसं आहेत असं मी बाईला सांगितलं. तू मोठ्याने बोलतोस, त्याची मला लाज वाटली. म्हणून तुला मावशीकडे घालवलं." त्याच्या पहिल्या शब्दांना शेजारचा हातोडा थांबला, मग पलीकडचा, मग सगळे. शेवटचे शब्द अख्ख्या आळीने ऐकले. भावाच्या आवाजाची ज्याला लाज वाटत होती, तो स्वतःची लाज गावाला ऐकवत होता.

थोरल्याने हातोडा खाली ठेवला. "ऐकू आलं," तो म्हणाला. "मी मावशीकडे गेलो, त्याच्या आठच दिवस आधी तिने निरोप धाडला होता आपल्याकडे. तिनेच सांगितलं. मला मुद्दाम घालवलंस, हे तेव्हाच कळलं; माणसांत मोजलं नाहीस, ते काल कळलं."

"मग कड्या, साखळ्या कशाला घडवल्यास?"

"घर तुझं होतं ना."

धाकटा तिथेच रडत बसला. मग त्याने आखणीबाईला बोलावून घेतलं आणि तिलाही सारं सांगितलं. बाई चांगलीच चिडली. तिच्या हातच्या एकाही घराच्या आखणीतून आजवर घरचं माणूस सुटलं नव्हतं. तुमच्या खोट्याने माझ्या कामाला बट्टा लागला, असं तिने तोंडावर सुनावलं. तरी तिने आखणी बदलली. दालनाला लागून एक खोली काढली, जाड भिंतींची, आळीकडे खिडकी असलेली, साऱ्या घरात उत्तम.

थोरला राहायला आला. त्याने राग धरला नाही, मुलींना पूर्वीसारखंच खांद्यावर घेतलं. फक्त एक झालं. बाहेरून आला की तो उंबऱ्याबाहेर थांबायचा, वहाणा काढायचा आणि विचारायचा, "येऊ का?" टोमणा म्हणून नव्हे, तशी सवयच लागली होती त्याला. दिवसातून चार वेळा तो प्रश्न घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात ऐकू जायचा. प्रत्येक वेळी धाकटा हातातलं काम टाकून उठायचा आणि ओरडून सांगायचा, "ये दादा, तुझंच घर आहे." थोरला हसून आत यायचा. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबायचा. मरेपर्यंत तो असाच थांबला, आणि धाकटा असाच उठला.

म्हणून सांगतो, आपल्या माणसाला एकदा परकं केलं, की मागाहून त्याच्यासाठी कितीही मोठी खोली बांधा, तो उंबऱ्याशी थांबतोच.