बिननावाची तक्रार

“बुवा, ते दुसऱ्या पक्षाचे आणि आम्ही सारखे कसे?”

मुकुंद धुमाळ पायरीवर बसत म्हणाला. तो नुकत्याच सत्तेवर आलेल्या पक्षाचा प्रवक्ता होता. लहानपणी याच मठात भवानगिरी बुवांजवळ शिकला होता. आज बऱ्याच वर्षांनी, गाडी लांब उभी करून, टेकडी एकटाच चढून आला होता.

बुवा तांदूळ निवडत होते.

“काय झालं?”

“आमच्या मंत्र्यांवर बालंट आलंय. उद्या पत्रकारांसमोर मला त्यांची बाजू मांडायची आहे. गेल्या वर्षी त्या दुसऱ्या पक्षाच्या...”

“थांब. मठाची रीत विसरलास?”

मुकुंद ओशाळला. मठात तक्रार सांगायची ती नाव न घेता. ना माणसाचं, ना गावाचं, ना पक्षाचं.

“बरं. गेल्या वर्षीचं सांगतो. एक मंत्री होता. खाणवाल्या कंपनीचा दलाल सारखा त्याच्या बंगल्यावर. मग मंत्र्याच्या मेव्हण्याला कंपनीत खुर्ची मिळाली. मग जंगलाचा नियम बदलला. झाडं गेली, खालच्या वस्तीचा झरा आटला...”

“तू काय केलंस?”

“सोडलं नाही त्याला. राजीनामा द्यायला लावला. ‘दलालांचं सरकार’ हे शब्द माझेच, बुवा. अख्ख्या राज्यात गाजले.”

“आता उद्याचं सांग.”

“एक मंत्री आहेत. खाणवाल्या कंपनीचा दलाल...”

मुकुंद अडखळला.

“मेव्हणा?” बुवांनी विचारलं.

“भाचा.”

बुवांनी एक खडा काढून अंगणात टाकला.

“आणि झरा?”

“अजून वाहतोय. नियमावर अजून सही व्हायची आहे.”

...

खाली नदीवर संधिप्रकाश उतरला होता.

“उद्या तेच शब्द पुन्हा बोललो, तर माझं कोणी उरणार नाही,” मुकुंद म्हणाला. “त्याच माणसांत वाढलो, त्यांच्याच पंगतीत जेवलो. घरातसुद्धा म्हणतात, गप्प बसा.”

बुवा पुन्हा तांदूळ निवडू लागले.

ते पाहून मुकुंद चिडला.

“तुमचं सोपं आहे हो! निवडणुकीत दोन्ही पक्षांनी प्रचाराचा नारळ फोडायला तुम्हाला बोलावलं, तुम्ही दोघांनाही नाही म्हणालात. काय मिळालं? मठात चिटपाखरू फिरकत नाही आता. हे तांदूळसुद्धा एकट्यापुरतेच!”

“खरं आहे,” बुवा म्हणाले. “आज तोंड उघडलं ते तुझ्याशीच.”

मुकुंदनं मान खाली घातली.

बुवांनी सूप बाजूला ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

“मग मुकुंदा, एवढी तुझी माणसं सोडून तू विचारायला इथं कशाला आलास?”