सगुणेच्या वरची पायरी

आपण जेथे उभे आहोत ती विहीर नव्हे, बारव आहे. विहिरीत पोहरा उतरतो, बारवेत माणूस उतरतो. हा भेद कृपया ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व हकिगत एका बाईच्या उतरण्याचीच आहे.

खडकदरे गावाची ही बारव मोठी नाही. हिच्या भिंतींवर शिल्पे नाहीत, कोनाड्यांत मूर्ती नाहीत. तरीही लांबलांबची मंडळी येथे येतात ती या पायऱ्यांसाठी. प्रत्येक पायरीवर एका स्त्रीचे नाव कोरलेले आहे. त्यापुढे बापाचे नाव नाही, नवऱ्याचे नाही, आडनावही नाही. मिरगाई, कडूबाई, वाळूबाई, धुरपता, पाऊसा. अशी नावे आता कोणी ठेवीत नाही.

मागच्या पौषात कोल्हापूरकडील एक बाई आल्या होत्या. याच गावात नांदलेल्या आपल्या पणजीचे नाव शोधीत त्या तहसील कचेरीपासून देवस्थानच्या कागदांपर्यंत सर्वत्र हिंडून आल्या होत्या. कागदांत पणजोबा होते, त्यांचे बंधू होते, बंधूंचे बैलही होते. पणजीच्या जागी मात्र 'कुटुंब' एवढाच शब्द. घरातील वृद्ध मंडळी तिला 'मिरगातली म्हातारी' म्हणत, याहून अधिक काही त्यांना ठाऊक नव्हते. मिरगाईच्या पायरीपाशी त्या थांबल्या आणि तेथेच बसल्या. दस्तऐवज कागदाचाच असावा असा नियम नाही, हे मी त्यांना सांगितले.

ही नावे कोणी पुण्यकर्म म्हणून कोरविली असावीत, असा पुष्कळांचा समज होतो. तो चुकीचा आहे. ही नावे मत्सराने कोरविली.

फार पूर्वी या गावी सुभानराव नावाचे पाटील होते. त्यांच्या पत्नीचे नाव सगुणा. तिला मूल नव्हते. घरात पाळणा हलला तर गावाला बारव बांधून देईन, असा नवस तिने ग्रामदेवतेला केला. परंतु नवस फळण्यापूर्वीच ती तापाने गेली. वर्ष सरल्यावर सुभानरावांनी दुसरे लग्न केले. दुसरेपणाच्या बायकोने मृत सवतीचा चांदीचा टाक, म्हणजे तिची छोटी प्रतिमा, गळ्यात घालायचा, ही चाल आपल्याकडे होतीच. सुभानरावांच्या मातोश्रींनी त्यापुढे पाऊल टाकले. ताटातल्या तांदळांत नव्या सुनेचे नाव लिहिण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी 'सगुणा' असेच लिहविले. थोरल्या सुनेवर त्यांचा इतका जीव होता की ते नाव घरातून जावे हेच त्यांना सोसवेना.

त्या दिवसापासून नव्या सुनेचे हाल सुरू झाले. मारहाण नव्हती, उपासमार नव्हती. जाच होता तो निराळाच. तिची भाजी चांगली झाली की सासूबाई म्हणत, "आमच्या सगुणेच्या हाताची चव आली बघ." भाजी करपली की म्हणत, "हिच्या माहेरात असंच खात असतील." शाबासकी सगळी थोरलीकडे जाई, चूक तेवढी धाकटीच्या वाट्याला उरे. मेलेल्या बाईशी भांडता येत नाही. धाकटी रात्रंदिवस तिला गळ्यात वागवी आणि मनातल्या मनात तिच्यावर जळे.

पुढे धाकटीला मुलगा झाला. त्याचे नाव दौलतराव ठेवले. सासूबाईंनी गावभर साखर वाटली आणि सांगितले, "सगुणेचा नवस फळला." नवस फळला म्हणजे तो फेडणे आले. वडारांना बोलावून बारवेचे काम सुरू झाले. पायऱ्या उतरत गेल्या, पण तळाशी काळा पाषाण लागला आणि पाण्याचा थेंबही दिसेना. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "नवस जिचा, तिनं खाली उतरून ओटी भरली पाहिजे. सगुणा घरातच हाय की." धाकटी खाली उतरली, तिने सगुणेच्या नावाने खडकाची ओटी भरली. खडक कोरडाच राहिला. सारे गाव हळहळले. धाकटीला मात्र आतून बरे वाटले, असे सांगतात. थोरलीची एक तरी गोष्ट फसली होती.

अशातच सुगीनंतर हेळवी आला. हेळवी म्हणजे घराण्याच्या पिढ्या तोंडपाठ ठेवणारा माणूस. त्या काळी तोच आपला दप्तरखाना. तो दारात उभा राहिला आणि पाटलांची वंशावळ गाऊ लागला. शेवटी म्हणाला, "सुभानरावाची अस्तुरी सगुणा, सगुणेच्या पोटी दौलतराव."

धाकटी मूल कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "हेळव्या, सगुणा मेली तेव्हा हे पोर कुठं हुतं?"

"पाटलीणबाई, आमच्या गाण्यात माणूस नावानं ऱ्हातं. नाव एक, तर माणूस एक."

सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "खरं तेच बोलला तो. थोरलीचं नाव दिलं, डागदागिने दिले, घर दिलं. आणखी काय पायजे तुला?"

"माझं पोर पायजे, आत्याबाई."

"ते तर कडेवर हाय."

"आज हाय. मी मेल्यावर ते तिचं हुईल."

यावर सासूबाई हसल्या म्हणे. धाकटीने मूल त्यांच्या मांडीवर ठेवले आणि ती चालू लागली ती थेट बारवेकडे. वडार मंडळी बाभळीच्या सावलीत भाकरी खात होती. ती कोणाशी न बोलता तळापर्यंत उतरली. गळ्यातला टाक तिने काढला. सवाष्णीने तो काढावा हे कोणी ऐकलेही नव्हते. तो तिने खडकावर ठेवला आणि त्याच्याशी बोलली. वडारांच्या नाईकाने ते वरून ऐकले, म्हणून आपल्यापर्यंत पोहोचले.

"सगुणाबाई, तुझा नवस तू फेड. माझ्या हातून फेडून घेऊ नको. घर तुझं, सासू तुझी, माझ्या भाजीची चवसुद्धा तुझी. हितं तरी तू तुझी आणि मी माझी."

असे म्हणून तिने तेथे पडलेली पहार उचलली आणि टाकाच्या शेजारी खडकावर घातली. खडक फुटला. प्रथम तांबूस आणि मग स्वच्छ पाणी उसळून वर आले.

वडारांनी हाका मारल्या, गाव धावत आले. पाणी तिच्या गुडघ्यांना लागले होते आणि ती जागची हलत नव्हती. सुभानराव काठावरून म्हणाले, "सगुणा, वर ये."

ती म्हणाली, "सगुणा टाकात हाय. तिला बोलवत असाल तर ती काय येत न्हाई."

पाणी कमरेला आले. तेव्हा पाटलांच्या ध्यानात आले की आपल्याला हाक मारायला दुसरे नावच नाही. लग्नाआधी हिचे नाव काय होते, हे त्यांनी कधी विचारले नव्हते. त्यांनी हेळव्याकडे पाहिले. "तू हिच्या माहेरीबी जातोस. तुला ठाव असंल."

"जातो, पाटील. पण लेकी आमच्या गाण्यात येत न्हाईत. निघून जाणारं माणूस कशाला ध्यानात ठेवायचं?"

गावात कोणालाच ते नाव ठाऊक नव्हते. पाणी छातीला लागले. दौलतराव रडू लागला होता. त्याला छातीशी धरून सासूबाई पायऱ्या उतरत पाण्याच्या कडेपर्यंत गेल्या. त्या मानी बाई होत्या. सुनेपुढे वाकणे त्यांना जड गेले असणार. तरी त्या पाण्यावर वाकल्या. मग म्हणाल्या, "बाई गं, तुजं नाव काय?"

"हिंगुळा."

"ह्ये कसलं नाव?"

"जन्मले तवा हिंगुळावानी लाल हुते. आज्यानं ठेवलं."

"मग हिंगुळा, वर ये. पोरगं भुकेलंय."

असे सांगतात की त्या हाकेसरशी पाणी थांबले आणि आज आपल्याला दिसते तेथेच राहिले.

हिंगुळा वर आली, पण तिचे समाधान झाले नव्हते. तिने वडारांच्या नाईकाला सांगितले, "दोन पायऱ्यांवर दोन नावं कोर. खालच्या पायरीवर सगुणा, तिच्यावरच्या पायरीवर हिंगुळा." नाईक म्हणाला, "बाई, खालची पायरी कायम पाण्याखाली ऱ्हाणार." हिंगुळा म्हणाली, "म्हणून तर." बारवेचे पाणी उपसून त्याने दोन्ही नावे कोरली आणि टाक सगुणेच्या पायरीखाली बसविला. हेळव्यानेही पुढच्या खेपेपासून गाणे बदलले. सुभानरावाला दोन बायका झाल्या आणि दौलतराव हिंगुळेच्या पोटी आला.

इतक्यावर हे संपायला हवे होते. परंतु काही दिवसांनी सासूबाई स्वतः बारवेवर आल्या आणि नाईकाला म्हणाल्या, "मेलेलीचं कोरलंस, जितीचं कोरलंस. मी काय वाटंवर पडले हुते? मला माहेरात पोवळा म्हणायचे." तिसरी पायरी त्यांची झाली. पोवळाबाईंची झाल्यावर त्यांच्या जावेला राहवले नाही. जावेची पाहून कुलकर्णीणबाईंनी कुलकर्ण्यांशी अबोला धरला. मग सुतारीण, कुंभारीण, तेलीण. जिची पायरी नाही ती पाणी भरायला येताना मान खाली घालू लागली. वडार मंडळी गेली ती साऱ्या पायऱ्या भरल्यावरच. काठाचे दगड त्यानंतरच्या सुनांना मिळाले. भक्तीने जे कधी झाले नसते ते हेव्याने झाले आणि त्यामुळे एका गावाच्या बायका टिकल्या.

आजही खडकदऱ्यात सुनेचे नाव बदलत नाहीत. नवी सून आली की सासू तिला येथे आणते आणि पहिला प्रश्न विचारते, "बाई गं, तुझं नाव काय?" उत्तर पत्रिकेत छापलेले असले तरी विचारावे लागते.

राहिली हिंगुळेची पायरी. पाण्यालगतची तीच, म्हणून साऱ्या गावाच्या घागरी तिच्यावरच टेकल्या, साऱ्या बायकांची पावले तिच्यावरच पडली. तिची अक्षरे झिजून गेली. हात फिरविला तर एखादी रेघ लागते. सगुणेचे नाव मात्र पाण्याखाली जसेच्या तसे आहे. गाळ काढताना ते उघडे पडते, तेव्हा वाटते की कालच कोरले. त्या दिवशी पाटलांच्या घरची सून हळदकुंकू घेऊन खाली उतरते. आधी वरच्या, कोऱ्या दिसणाऱ्या पायरीला कुंकू लावते, आणि मगच वाकून खालच्या पायरीला. हा क्रम चुकला तर बारवेचे पाणी तांबडे होते, असे म्हणतात. तो चुकवून पाहणारी सून अद्याप या गावात आलेली नाही.