केरू वाघचवरेची सही

“...मग त्या चित्रावर माझं नाव का नको? सांगा ना अण्णा, का नको?”

मिरजेतल्या बंद तेलगिरणीत थाटलेल्या चित्रशाळेच्या दारातच सुकुमार मगदूम ओरडला. चपला काढायचंही त्याला भान नव्हतं.

अण्णाप्पा चौगुले ब्रश धूत बसले होते. हयातभर सिनेमाची पोस्टरं रंगवलेला माणूस, एकावरही सही नाही. म्हातारपणी त्यांनी सहा तरुण चित्रकार हाताशी धरले आणि सातही जणांनी मिळून एकच नाव घेतलं, केरू वाघचवरे. असा कुणी माणूस जन्मालाच आला नव्हता. चित्र कुणीही काढो, सही केरूची. आणि तीसुद्धा आपल्या चित्रावर आपण करायची नाही, दुसऱ्यानं करायची.

आता सुकुमारचं चित्र दिल्लीच्या प्रदर्शनात पहिलं येऊन कालच गिरणीत परत आलं होतं. पेपरात केरूचं तोंडभरून कौतुक. सुकुमारच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि का जाऊ नये? चार महिने तो त्या चित्रापुढं राबला होता, आणि आईला दाखवायला पेपरात नाव नाही.

“नाव पाहिजे?” अण्णांनी विचारलं.

“माझं आहे ते मागतोय. भीक नाही मागत.”

“बरं.” अण्णांनी रंग खरवडायची सुरी त्याच्या हातात दिली. “खरवड केरूला. लिही तुझं.”

इतक्या सहज? सुकुमार भांडायच्या तयारीनं आला होता. भांडण झालंच नाही, म्हणून तो आणखीच चिडला.

“आणि ही सही तरी बघा! पाटीवर गिरवल्यासारखी. सगळ्या चित्राची वाट लावली. कुणी केली?”

“आपल्या दिलशादनं.”

सुरी सहीवर टेकली होती. तिथंच थांबली.

“...डाव्या हातानं केली,” अण्णा म्हणाले. “उजवा वळत न्हाई आता तिचा.”

सुकुमारनं सुरी बाजूला घेतली.

“कशानं मोडला, सांग.”

“...तुम्हाला माहीत आहे.”

“तू सांग!”

अण्णांचा आवाज चढलेला त्यानं आजवर ऐकला नव्हता.

“बाजारातल्या भिंतीपायी,” तो पुटपुटला.

गेल्या उन्हाळ्यात केरूनं बाजारातल्या भिंतीवर एक वाळूचा ठेकेदार काढला होता. अख्खी नदी स्ट्रॉनं पिणारा. ठेकेदाराची माणसं काठ्या घेऊन आली, केरू कोण ते सांगा म्हणाली. सातही जण तिथंच उभे होते. दिलशाद मुजावर पुढं झाली आणि म्हणाली, मीच केरू. माणसं आधी हसली. बाई केरू असेल हे त्यांना पटलंच नाही. खोटं बोलली म्हणून त्यांनी तिचा हात मोडला. खऱ्या केरूची वाट बघत ती माणसं अजून रोज त्या भिंतीसमोरच्या टपरीवर बसतात.

“ती भिंत कुणी रंगवली हुती?”

सुकुमारनं आता चपला काढल्या.

“अरं बोल की! दारातनं बोंबलत आलास, माझं, माझं. त्या दिवशी तोंड शिवलं हुतं का?”

“मीच रंगवली. भ्यालो होतो, अण्णा. येणारच होतो पुढं... तोवर ती गेली.”

“भ्यालास त्याचा राग न्हाई मला.” अण्णांनी धुतलेला ब्रश फडक्याला पुसला. “मीबी तिथंच हुतो. मीबी न्हाई हललो.”

सुकुमारला रडू येईलसं वाटलं, आणि त्याचाही राग आला. स्वतःचा, अण्णांचा, दिलशादचासुद्धा. कुणी सांगितलं होतं तिला पुढं व्हायला? आणि दिल्लीचं चित्र त्याचंच होतं, त्यात खोटं काहीच नव्हतं.

“चित्र माझंच आहे,” तो हळूच म्हणाला.

“तुझंच हाय. कोण न्हाई म्हणतंय?”

“मग... लिहू नाव?”

अण्णांनी काळ्या रंगाचा डबा उघडला. ब्रश बुडवला. दोन्ही त्याच्या हातात दिलं.

“लिही. बाजारातल्या भिंतीपासनं सुरू कर.”