मोहोळ का टिकलं?

फार पूर्वी गांधीलमाश्यांचं पोळं राणी मेली की ओस पडायचं. शेजारच्या ढोलीतलं मधमाश्यांचं मोहोळ मात्र पिढ्यान्‌पिढ्या नांदत होतं. त्याचं कारण शोधायला थकलेल्या गांधीलराणीने पिंगी नावाच्या भित्र्या गांधीलमाशीला धाडलं.

पिंगी परतली. "राणीसाहेब, लेक हाताशी आली की त्यांची राणी भरलं घर तिच्या हवाली करते आणि स्वतः बाहेर पडते."

"म्हणजे मी निघू? टवळे! त्यांचं मेण चांगलं, एवढंच सांग सगळ्यांना."

पिंगी संतापाने उसळली. "मेणाचंच ऐकायचं होतं तर मला पाठवलंत कशाला? लेकी कोंडून ठेवल्यात तुम्ही! उद्या घर सांभाळणार कोण?"

राणीने नांगी उगारली. पिंगी लेकींच्या कोठडीकडे झेपावली आणि दार कुरतडू लागली. आतूनही कुरतडल्याचा आवाज येऊ लागला.