मागचं दार

मोठ्यांना 'चुकलात' म्हणायची सोय नव्हती, तेव्हाची गोष्ट. बिळाचं मागचं दार परक्याला सांगू नका, असं म्हातारा खंडू उंदीर पोरांना रोज दटावायचा.

एकदा बाहेरून आवाज आला, "वनराजांच्या कचेरीतून बोलतोय. मागचं दार सांगा, नाहीतर बीळ आजच बंद होईल."

"सांगतो साहेब, चिंचेखाली आहे!" खंडू म्हणाला. तिथूनच साप शिरला आणि त्याची नातवंडं गिळून गेला.

"पोरांनीच दार उघडं टाकलं," खंडूने वस्तीत सांगितलं.

पुढे शेजारच्या गोदाक्काच्या बिळापाशी तोच आवाज आला. ओरडलो तर आपलं बिंग फुटेल, म्हणून खंडू गप्प बसला. तिचीही पिल्लं गेली.

तो भेटायला गेला, तेव्हा गोदाक्काने त्याला जवळ बसवलं. "भाऊजी, माझं दुःख तुम्हालाच कळणार."

म्हाताऱ्याला मान वर करता आली नाही.