उलटा पीळ

डोंगराच्या अगदी माथ्यावर वसलेलं एक गाव होतं. तिथे पोचायला धड वाट नव्हती. जंगलातून वळसा घालून यायचं तर दोन दिवस लागत. म्हणून गावाने कड्याच्या टोकाशी एक मोठा रहाट बसवला होता, रहाटावरून एक जाड दोर खाली सोडला होता आणि दोराला वेताचा पाळणा बांधला होता. मीठ त्यातून वर येई, वैद्य त्यातून वर येई, नवी नवरीसुद्धा डोळे गच्च मिटून त्यातूनच वर येई. एका अर्थी सगळं गावच त्या दोरावर टांगलेलं होतं.

हे गाव उजव्या फेरीचं. देवळाला प्रदक्षिणा उजवी, हे तर झालंच. पण जातं फिरायचं ते उजवीकडे, पागोटं बांधायचं ते उजवीकडे, कढीत पळी फिरायची तीही उजवीकडेच. नदीपलीकडच्या खोऱ्यातली माणसं मात्र त्यांच्या देवाच्या झाडाला डावी फेरी घालत. दोन्हीकडची माणसं खालच्या बाजारात भेटत, भाव करत, थट्टामस्करी करत. वर आल्यावर माथ्यावरची माणसं आठवणीने हात धूत.

गावाचा दोर तीस वर्षं एकच माणूस वळत होता. तो तापाने गेला. मागे राहिली त्याची मुलगी. अंगाने काटकुळी, दार वाजलं तरी दचकणारी. गाव तिला सुतळी म्हणे. बापाने इतकी वर्षं गावाचा जीव सांभाळला म्हणून गावाने देवळाशेजारी त्याच्या नावाचा दगड उभा केला. सुतळीला राहतं घर कायमचं दिलं आणि देवळाच्या कोठारातून दरमहा धान्यही लावून दिलं.

पण सुतळीच्या पोटात एक गोष्ट होती.

तिचा बाप दोर वळायचा तो दार लावून. नजर लागते, असं लोकांना सांगायचा. आत दुसरं टोक धरून सुतळी बसलेली असायची. वाखाचा, म्हणजे घायपाताच्या धाग्यांचा, एकेक पेड तो वळायचा डावीकडे, आणि असे तीन पेड एकमेकांवर चढवायचा उजवीकडे. पेडाला एका बाजूने सुटायचं असतं, दोराला दुसऱ्या बाजूने. दोघं एकमेकांना सुटू देत नाहीत, तेवढ्यावर दोर टिकतो. बाप देवभोळा होता. पीळ देऊन झाला की संध्याकाळी देवळाला चार फेऱ्या जास्त घालायचा. मुलीला म्हणायचा, "हे उलटं नाही गं, दोराचं सुलट असंच असतं. पण बाहेर बोलू नकोस. आपल्याला गावात राहायचंय."

सुगी झाली की नवा दोर लागे. म्हणून कारभाऱ्याने देवळाच्या ओट्यावर बसून दोरकऱ्याच्या कामासाठी माणसं बोलावली. सुतळीला कामाचं कुणी विचारलं नाही, कारण बाईने दोर वळायचा नाही अशी रीत होती. तिला बोलावलं ते बापाच्या कामाची साक्ष द्यायला. दोघं जण आले. एक पुजाऱ्याचा भाचा. देवाचे हार ओवायचा, सगळ्यांशी गोड, वाटेत भेटेल त्या पोराच्या हातावर एक फूल ठेवणारा. दोर मात्र त्याने आयुष्यात वळला नव्हता. दुसरा नदीपलीकडचा. पुरात त्याच्या गावच्या होड्या वाहून गेल्या होत्या, त्यामुळे दोर घेणारं कुणी उरलं नव्हतं. त्याच्या तळहातांवर दोराने पाडलेल्या चऱ्या होत्या.

कामाला माणूस ठेवताना त्या गावात तीन प्रश्न विचारत. देव कोणता, फेरी कोणती, आणि मग काम काय येतं. पहिल्या दोन उत्तरांवरच बहुतेकांना परत पाठवलं जाई. पण हा जिवाचा मामला, म्हणून कारभाऱ्याने दोघांनाही वाख दिला आणि हातभर दोर वळून दाखवा म्हणाला.

भाच्याने सगळंच उजवीकडे वळलं, हात जोडून देवाचं नाव घेत. नदीपलीकडच्याने पेड घेतला आणि झरझर डावीकडे पीळ दिला. एका म्हातारीने नातीचे डोळे झाकले.

कारभारी वाईट माणूस नव्हता. तो समजावत म्हणाला, "बाबा रे, तुझा हात चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण आमचे जीव ज्याच्या दोरावर, तो आमच्यातला नको का? आमच्या देवाला जो भीत नाही, त्याने भ्यायचं तरी कुणाला?"

"मी दोर तुटण्याला भितो, कारभारी," नदीपलीकडचा म्हणाला.

मागून कुणीतरी टोमणा मारला की एवढं पोट जळतंय तर घाल देवळाला उजवी फेरी, आत्ता काम मिळेल. लोक हसले. नदीपलीकडचा हसला नाही. त्याने थोडा विचार केला. घरी मुलं उपाशी आहेत, म्हणाला.

"घालतो फेरी. माझ्या देवाची समजूत मी काढीन. पण पेडाचा पीळ डावाच द्यावा लागेल. दोराची समजूत काढता येत नाही."

मग त्याने रहाटाकडे बोट दाखवलं. तुमच्याच दोराचं टोक उलगडा आणि बघा म्हणाला. पण देवापुढे पुजलेल्या दोराला सुरी लावायची नाही, वर्ष सरलं की तो अखंडच अग्नीत द्यायचा, अशी रीत होती. कारभारी ओट्यावर वळून बसला.

"पोरी," त्याने सुतळीला विचारलं, "तुझा बाप पहिला पीळ कोणत्या अंगाला द्यायचा?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. सुतळीला बापाच्या नावाचा दगड दिसत होता, त्यावर सकाळचं फूल होतं. खरं बोललं तर आज तो दगड उखडला जाईल. घर जाईल, धान्य जाईल, आणि तीस वर्षं बापाने गावाला फसवलं असं लोक म्हणतील. नदीपलीकडचा तिच्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत विनवणी नव्हती. याला कळलंय, असं तिच्या मनात आलं.

"उजव्या," ती म्हणाली.

नदीपलीकडच्याने आपली पिशवी उचलली. पाळण्यात न बसता तो जंगलाच्या वाटेने निघून गेला. लोक म्हणाले, बघा, अपमान झाला म्हणून आपल्या दोरावरही पाय ठेवला नाही.

काम भाच्याला मिळालं. आठ दिवसांनी तो सुतळीच्या दारात आला. बोटं सोललेली, चेहरा उतरलेला.

"सुतळे, चेष्टा करू नकोस, खरं सांग. पेड हातात ठरत नाहीत गं. सोडले की सुटायला बघतात. तुझ्या बाबांचा पीळ नक्की उजवाच होता ना?"

आता अंगणात दुसरं कुणी नव्हतं. एक शब्द बोलायचा होता. पण पहिल्यांदा खोटं बोललेला माणूस दुसऱ्यांदा कशाला भितो, तर पहिल्या खोट्याला.

"उजवाच," ती म्हणाली. "राळ जास्त लाव. चिकटून राहील."

त्याचा चेहरा उजळला. एवढं सोपं होतं होय, म्हणाला, आणि जाताना तिच्या उंबऱ्यावर झेंडूची दोन फुलं ठेवून गेला. राळेने दोर खरंच चिकटून राहिला. वाजतगाजत तो रहाटावर चढला आणि जुना दोर अग्नीत गेला.

थोड्याच दिवसांत एक नवल घडलं. माणसं बसली की पाळणा वर येता येता आपोआप गोल फिरू लागला. खाली उभ्या असलेल्यांनी मान वर करून पाहिलं, तर पाळणा उजवीकडे फिरत होता. मग काय, गावभर आनंद झाला. पाळणा देवाला फेरी घालतो, असं पुजाऱ्याने सांगितलं. इतकी वर्षं असं कधी झालं नव्हतं, ही या पोराच्या भक्तीची खूण. लोक नुसते फेरी बघायला खाली उतरू लागले.

कड्याच्या काठावर ओणवं होऊन खाली बघायला सहसा कुणी धजत नसे. सुतळीने पाहिलं. खालून उजवी दिसणारी फेरी वरून डावी होती. पाळणा फेरी घालत नव्हता, दोर उलगडत होता.

ती कारभाऱ्याच्या वाड्याशी दोनदा गेली. एकदा तो जेवत होता. एकदा त्याने तिला बघून हाक मारली, ये पोरी, तुझ्या बापाच्या दगडाला ओटा बांधायचं ठरवतोय. ती ओट्याविषयी बोलून परत आली. उद्या सांगू, असं तिने रोज ठरवलं. रोज पाळणा वर येत होता, आणि तो आला की तिला वाटे, म्हणजे अजून एक दिवस आहे.

उन्हाळा चढला. देवाच्या जत्रेच्या दिवशी दुपारी ऊन असं होतं की राळ पातळ होऊन दोरावरून ओघळत होती. पाळण्यात तिघं बसले. जत्रेची फुलं घेऊन भाचा, कारभाऱ्याची बायको आणि मिठाचं पोतं मांडीवर घेतलेला एक म्हातारा. अर्ध्या कड्यापर्यंत पाळणा गरगरत आला. खाली लोक हात जोडून उभे होते. मग वेणी सुटावी तसे दोराचे तीन पेड वेगळे झाले आणि एकामागून एक तुटले.

तिघंही गेले. झेंडूची फुलं संध्याकाळपर्यंत झुडपांत अडकलेली दिसत होती.

चौथ्या दिवशी गावात एकच बोलणं होतं. त्या नदीपलीकडच्याने सूड घेतला. जाताना दोराकडे बोट दाखवलं होतं, आठवतंय ना? त्याने करणी केली. तरणी माणसं काठ्या घेऊन देवळापुढे जमली. कारभारी त्यांच्या पुढे उभा होता, चार दिवसांत दहा वर्षं म्हातारा झालेला. जंगलाच्या वाटेने जायचं आणि त्याला ओढून आणायचं असं ठरत होतं.

तेव्हा सुतळी त्यांच्या आडवी येऊन उभी राहिली.

"माझा बाप डावा पीळ द्यायचा," ती म्हणाली. "तीस वर्षं. मला ठाऊक होतं."

मग कारभारी म्हणाला, "मी तुला विचारलं होतं."

"तुम्ही दोराचं नव्हतं विचारलं, कारभारी. आम्ही कोणत्या फेरीचे, ते विचारलं होतं."

कारभाऱ्याने हातातली काठी खाली ठेवली आणि तो घरी गेला. सुतळीवर कुणी हात टाकला नाही. तिच्या बापाचा दगड मात्र लोकांनी उपटला आणि कड्यावरून ढकलून दिला. दगड खाली पोचल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

आता दोर नव्हता, आणि दोराशिवाय मीठ नव्हतं, वैद्य नव्हता. सुतळी एकटी जंगलाच्या वाटेने निघाली. दोन दिवस चालून, नदी ओलांडून, विचारत विचारत ती नदीपलीकडच्याला शोधू लागली. तो दोराच्या कामावर नव्हता. माथ्यावरून परतल्यावर तो आणखी दोन गावांत काम मागायला गेला होता. तिथेही पहिला प्रश्न फेरीचाच होता. शेवटी तो दगडाच्या खाणीवर लागला. तिथे कुणाचा देव कुणी विचारत नसे, कारण तिथे माणसं फार दिवस टिकत नसत. सुतळी पोचली तेव्हा तो झोपडीपुढे बसला होता. त्याचा उजवा हात मनगटापर्यंत फडक्यात गुंडाळलेला होता, आणि फडक्यात बोटांचा आकार नव्हता.

तिने सगळं सांगितलं. खोटं दोनदा बोलले, तेही सांगितलं. तो रागावेल याची ती वाट बघत होती.

"पाळण्यात किती जण होते?" त्याने विचारलं.

"तीन."

त्याने फडक्यातल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुला दोर वळता येतो?"

"येतो. मी बाबांच्या समोर टोक धरून बसायचे."

"मग माझ्याकडे कशाला आलीस, पोरी?"

तो उठला, डाव्या हाताने तिला प्यायला पाणी दिलं, आणि ती पीत असताना हळूच म्हणाला, "त्या दिवशी तुमच्या गावात हात कमी नव्हते. माझे होते, तुझे होते. फक्त एक शब्द कमी पडला."

सुतळी परत गेली. देवळापुढच्या मोकळ्या जागेत, भर उन्हात, सगळ्यांच्या देखत तिने डावा पीळ द्यायला घेतला. काही जण बघत उभे राहिले, काहींनी तोंड फिरवलं, पण बाईने दोर वळू नये असं कुणी म्हणालं नाही. दोर चांगला झाला. पाळणा वर येताना फिरत नाही, सरळ येतो. त्यात बसताना लोक खाली बघत नाहीत, आणि दोर कुणी वळला हेही बोलत नाहीत.

तात्पर्य इतकंच: काम देणाऱ्याने माणसाची फेरी विचारली आणि हात पाहिला नाही, की पीळ चुकतो. आणि माणसांत असं डावं-उजवं होत असताना ज्याला खरं ठाऊक आहे तो गप्प बसला, तर दोर त्याच्याही हातून तुटतो.